संपलंय, उद्या येईल

२०२५ ची घटस्थापना २२ सप्टेंबरला आली आणि त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं १८ टक्क्यांवरून थेट ५ टक्क्यांवर उतरली. तूप, लोणी, फरसाण १२ वरून ५ वर. घोषणा ३ सप्टेंबरला झाली होती, म्हणजे मधे जेमतेम तीन आठवडे होते. या तीन आठवड्यांत किराणा दुकानदारानं काय करावं? आज भरलेला माल २२ तारखेपासून कमी भावात विकावा लागणार, हे त्याला दिसत होतं. त्यानं हात आखडता घेतला. त्याला माल देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरनं कंपनीकडची उचल कमी केली. २६ सप्टेंबरला हिंदुस्थान युनिलिव्हरनं शेअर बाजारांना कळवलं, की वितरक आणि दुकानदार जुन्या किमतीचा साठा संपवण्यात गुंतल्यामुळे या तिमाहीच्या विक्रीला फटका बसणार आहे.

देशात साबणाचा तुटवडा नव्हता. कारखाने चालू होते, रस्ते चालू होते आणि माणसांनी साबण वापरणं थांबवलेलं नव्हतं. अडली होती ती फक्त ऑर्डर.

दुकानात एखादी वस्तू मिळाली नाही की काउंटरपलीकडून ठरलेलं उत्तर येतं: वरून माल नाही, उद्या येईल. गिऱ्हाइकाला ते पटतं, कारण ‘वर’ काय चाललंय हे त्याला दिसत नसतं. पण या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांनी वर जाऊन पाहिलं तेव्हा वेगळंच चित्र निघालं. थॉमस ग्रूएन आणि डॅनियल कॉर्स्टेन यांनी २००२ मध्ये जगभरच्या पाहण्या एकत्र करून काढलेला आकडा आजही या धंद्यात सांगितला जातो. दुकानात असायला हव्या त्या वस्तूंपैकी सरासरी ८.३ टक्के वस्तू कोणत्याही वेळी जागेवर नसतात. त्याहून महत्त्वाचा त्यांचा दुसरा निष्कर्ष. या रिकाम्या जागांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जागांचं कारण दुकानातच सापडतं: ऑर्डर उशिरा दिली, कमी दिली, किंवा माल मागच्या खोलीत येऊन पडला आणि फळीवर लागलाच नाही. वरच्या गोदामात किंवा कारखान्यात माल नव्हता, अशी उदाहरणं उरलेल्या चौथ्या हिश्श्यात.

वस्तू न मिळालेलं गिऱ्हाईक काय करतं, हेही त्यांनी मोजलं. ३१ टक्के लोक दुसऱ्या दुकानात जातात. २६ टक्के दुसऱ्या कंपनीची वस्तू घेतात, १९ टक्के त्याच कंपनीचा दुसरा आकार किंवा प्रकार घेतात, १५ टक्के नंतर बघू म्हणतात आणि ९ टक्के घेतच नाहीत. दुकानदाराच्या दृष्टीनं पहिला आकडा सगळ्यात कडू. टूथपेस्टसाठी दुसऱ्या दुकानात गेलेला माणूस महिन्याची यादीही तिथेच देऊन येऊ शकतो.

नाशिकचं द्वारका हा प्रश्न समजून घ्यायला चांगली जागा आहे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता इथे एकमेकांना भेटतात. २०१३ पासून डोक्यावरून उड्डाणपूल जातो, आणि खाली मुंबई नाका, सारडा सर्कल, काठे गल्ली, वडाळा नाका आणि पंचवटी-आडगावच्या बाजूंनी आलेली वाहनं एका चौकात कोंबली जातात. द्वारकेची कोंडी नाशिककरांना नवी नाही. पण नकाशावर बोट ठेवून पाहिलं तर माल मिळण्याच्या दृष्टीनं याहून सोयीची जागा शहरात कमीच. रविवार कारंजाची ठोक किराणा बाजारपेठ, भद्रकालीचा बाजार आणि गोळे कॉलनीतले औषधांचे ठोक विक्रेते, सगळे काही किलोमीटरच्या आत. पुण्याहून येणारा ट्रक आणि मुंबईहून येणारा ट्रक, दोन्ही याच चौकाच्या आसपासून शहरात शिरतात. इथल्या दुकानात वस्तू नसावी, हे अंतराच्या हिशेबात बसत नाही.

तो हिशेब मांडूनच पाहावा. पाकीटबंद माल बनवणाऱ्या अनेक मोठ्या कंपन्यांची गोदामं भिवंडीच्या पट्ट्यात आहेत. तिथून नाशिक दीडशे किलोमीटरच्या आत. पूर्वी पावसाळ्यात कसारा घाटाची धास्ती असायची. आता ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पाही खुला झालाय, आणि आमणे भिवंडीच्या शेजारीच आहे. म्हणजे भिवंडीत सकाळी भरलेली गाडी दुपारी नाशिकच्या डिस्ट्रिब्यूटरच्या दारात उभी राहू शकते. तिथून काठे गल्लीतल्या दुकानापर्यंत छोटा हत्ती कोंडीत अडकला तरी तासाभरात पोचतो.

मग माल यायला आठवडा का लागतो?

समजा, दुकानातली टूथपेस्टची शेवटची पेटी सोमवारी संपली. डिस्ट्रिब्यूटरच्या सेल्समनचा या गल्लीचा वार शनिवार. सोमवार ते शनिवार पाच दिवस ती जागा रिकामी राहणार, हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण पेटीच्या जागी दुसरं काहीतरी सरकवलेलं असतं. शनिवारी सेल्समन येतो तेव्हा काउंटरवर गर्दी. दुकानदार आठवेल तसं सांगतो, सेल्समन मोबाइलवर टिपून घेतो. आठवलं नाही ते पुढच्या शनिवारवर. ऑर्डर गेली की माल दुसऱ्या दिवशी येतो. या सगळ्यात रस्त्यावर गेलेला वेळ तासांत मोजावा लागतो आणि वाट बघण्यात गेलेला दिवसांत. समृद्धीनं पहिला वेळ आणखी कमी केला. दुसऱ्याला कुणी हात लावलेला नाही.

हा वाट बघण्याचा काळ किती महाग पडतो, त्याचं गणित सोपं आहे. टूथपेस्टची रोज सरासरी ४ पाकिटं जातात असं धरू. सेल्समन आठवड्यातून एकदा येत असेल तर ऑर्डरच्या दिवशी हातातला आणि मागवलेला माल मिळून सात दिवस अधिक पोचवण्याचा एक, असे आठ दिवस पुरला पाहिजे. म्हणजे ३२ पाकिटं. कधी विक्री जास्त होते, म्हणून वर १० ची राखीव, एकूण ४२. तोच सेल्समन आठवड्यातून दोनदा आला तर पाच दिवसांची सोय पुरते: २० आणि राखीव ८, एकूण २८. रोज ऑर्डर जाऊ शकली तर दोन दिवसांचे ८ आणि राखीव ५, एकूण १३. विक्री तीच, गिऱ्हाइकाला मिळण्याची खात्री तीच, पण अडकलेला पैसा तिसऱ्या हिश्श्यावर. एका वस्तूपुरतं हे किरकोळ वाटेल. पण दुकानात शेकडो वस्तू असतात. मोकळा झालेला पैसा आणि मोकळी झालेली फळी ज्या वस्तू आज ठेवताच येत नाहीत त्यांना मिळते. छोट्या दुकानात वस्तू नसण्याचं मोठं कारण हेच: नको तितक्या मालानं जागा आणि भांडवल दोन्ही आधीच व्यापलेलं असतं.

डिस्ट्रिब्यूटरच्या बाजूनंही बोलायला हवं. दोन पेट्यांच्या ऑर्डरसाठी गाडी, ड्रायव्हर आणि हमाल पाठवणं त्याला परवडत नाही. म्हणून तो किमान ऑर्डरची अट घालतो, वार ठरवून देतो. हा ताण शंभर वर्षांपेक्षा जुना आहे. फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकी अभियंत्यानं १९१३ मध्येच त्याचं सूत्र मांडलं: एका वेळी किती मागवायचं, हे मागवण्याचा खर्च आणि साठवण्याचा खर्च यांच्या ओढाताणीतून ठरतं. त्या सूत्रात वर्गमूळ आहे. मागवण्याचा खर्च चौथ्या हिश्श्यावर आला तर एका वेळची ऑर्डर निम्मी करणं फायद्याचं ठरतं. ऑर्डर घ्यायला माणूस पाठवावा लागत होता तेव्हा आठवड्याचा वार योग्यच होता. आज दुकानदाराच्या खिशात फोन आहे आणि व्हॉट्सॲपवर यादी टाकायला काही पडत नाही. खर्च बदलला, वार मात्र तोच राहिला. काठे गल्लीतल्या पंधरा-वीस दुकानांच्या ऑर्डरी एकाच दिवशी एकाच फेरीत घातल्या तर गाडीचा खर्चही वाटला जातो. यात नवं यंत्र काही लागत नाही, फेरीचं वेळापत्रक तेवढं नव्यानं मांडावं लागतं.

त्याच परिसरात, त्याच गल्लीत, हे काम उत्तम करणारं एक दुकान असतं आणि ते म्हणजे मेडिकल. द्वारका ते मुंबई नाका या पट्ट्यात दवाखाने आणि हॉस्पिटलं भरपूर. एखादा डॉक्टर काय लिहून देईल याचा नेम नसतो आणि औषधांची नावं हजारोंनी. एवढं सगळं कुठलाही केमिस्ट ठेवू शकत नाही, आणि ठेवलं तर एक्स्पायरी त्याला बुडवेल. म्हणून तो थोडं ठेवतो आणि सतत मागवतो. गोळे कॉलनीतल्या ठोक विक्रेत्याला फोन किंवा मेसेज जातो आणि काही तासांत पोऱ्या दुचाकीवर पिशवी घेऊन येतो. एका औषधाच्या दोन-चार पट्ट्याही मिळतात. शहरभराचा साठा एका जागी, आणि तिथून छोट्या छोट्या फेऱ्या. एलियाहू गोल्डरॅट या इस्राएली लेखकानं साठ्याच्या प्रश्नावर हाच उपाय सुचवला: माल शक्य तितका मध्यवर्ती जागी राखा, दुकानाला रोज तेवढंच द्या जेवढं काल विकलं गेलं. त्यामागचं तर्कशास्त्र साधं आहे. एका दुकानात उद्या काय विकलं जाईल हे सांगणं कठीण; शंभर दुकानांत मिळून काय विकलं जाईल हे बरंच नेमकं सांगता येतं. कारण एकीकडची वाढ दुसरीकडच्या घटीनं झाकली जाते. गोळे कॉलनीनं ही पद्धत पुस्तकातून घेतली नाही. औषधाच्या गरजेनंच ती घडवली.

दूध हे दुसरं उदाहरण. पहाटे क्रेट येतात, रिकामे क्रेट परत जातात, आणि किती रिकामे झाले यावरून उद्याचा आकडा ठरतो. कुणी अंदाजपत्रक बनवत नाही. रिकामा क्रेट हाच निरोप.

हा निरोप कारखान्यात नेणारा माणूस म्हणजे टोयोटाचा ताइइची ओहनो. मेम्फिसमध्ये १९१६ साली क्लॅरेन्स साँडर्सनं ‘पिगली विगली’ नावाचं दुकान काढलं. तिथे गिऱ्हाईक स्वतः फळीवरून वस्तू उचलायचं. पुढे अशा दुकानांची सुपरमार्केटं झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर पैशाची आणि जागेची चणचण असलेल्या टोयोटात ओहनोनं अमेरिकी सुपरमार्केटांविषयी ऐकलं आणि त्याला त्यात कारखान्याची वाट दिसली. फळीवरून जेवढं उचललं जातं तेवढंच मागून भरलं जातं. मग कारखान्यातल्या पुढच्या विभागानं मागच्या विभागाकडे गिऱ्हाइकासारखं का जाऊ नये? त्यातून कानबान आलं: प्रत्येक पेटीला एक कार्ड, पेटी रिकामी झाली की कार्ड मागे जातं आणि तेवढाच माल नव्यानं बनतो. ओहनो १९५६ मध्ये अमेरिकेला गेला आणि त्यानं ती दुकानं स्वतः पाहिली. नाशिकला ही पद्धत अनोळखी नाही. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे शहरात कारखान्याची शिस्त जाणणारी हजारो घरं आहेत. महिंद्र आणि बॉश यांच्यासाठी सुटे भाग बनवणारे छोटे कारखानदार वेळेवर, मोजून, थोडाथोडा माल देण्याच्या धाकातच वाढले. ही विद्या मुळात दुकानाकडून कारखान्यानं घेतली. अंबडहून संध्याकाळी घरी परतणारा कामगार ज्या किराणा दुकानात थांबतो, तिथे मात्र ती अजून पोचलेली नाही. ती पोचवणं अवघड नाही. फळीवर शेवटच्या चार पाकिटांच्या पुढे पुठ्ठ्याचं एक लाल कार्ड ठेवायचं. कार्ड दिसलं की ते गल्ल्याशेजारच्या खिळ्याला लावायचं. रात्री खिळ्यावरची कार्डं वाचून ऑर्डर टाकायची. आठवणीवरचा भार इतक्यानं उतरतो.

किराणा साखळीत याच्या उलट दिशेनं ओढणारी एक सवय आहे, आणि तिच्याबद्दल मोकळेपणानं लिहायला हवं. ती म्हणजे महिनाअखेर. कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याचं टार्गेट महिन्याचं असतं. शेवटच्या आठवड्यात माल डिस्ट्रिब्यूटरच्या गोदामात ढकलला जातो, डिस्ट्रिब्यूटर तो दुकानदाराकडे ढकलतो, सोबत स्कीम: बारावर एक फुकट. दुकानदार बाराच्या जागी चोवीस घेतो. त्याला चोवीस विकायचे नसतात, दोन फुकटचे हवे असतात. पुढचे पंधरा दिवस तो काहीच मागवत नाही. वरच्या कागदांवर मागणी आधी दुप्पट दिसते, मग शून्य. घराघरांत मात्र दात रोज तितकेच घासले जात असतात. प्रॉक्टर अँड गॅम्बलला हा प्रकार बाळांच्या डायपरमध्ये सापडला. बाळं जवळपास एकसारखी वापर करत होती, दुकानांची विक्री थोडी हलत होती, वितरकांच्या ऑर्डरी जास्त आणि कंपनीच्या स्वतःच्या कच्च्या मालाच्या ऑर्डरी सगळ्यात जास्त. हाउ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये यावर लिहिलेला लेख गाजला. त्यांनी दिलेली कारणं आपल्याकडच्या कुठल्याही डिस्ट्रिब्यूटरला पाठ असतील: एकगठ्ठा ऑर्डरी, भावातले चढउतार आणि स्कीमा, तुटवड्याच्या भीतीनं वाढवून सांगितलेली मागणी, आणि प्रत्येकानं खालच्याच्या ऑर्डरवरून बांधलेला अंदाज. खरी विक्री कुणी पाहतच नाही.

हिंदुस्थान लिव्हरनं (आताच्या हिंदुस्थान युनिलिव्हरनं) २००० च्या दशकाच्या सुरुवातीला आपले स्टॉकिस्ट ‘आरएस नेट’ या जाळ्यानं जोडले, ते याच कारणासाठी. डिस्ट्रिब्यूटरकडून दुकानांना किती माल गेला हे कंपनीला दिसू लागलं. दुकानातून घरात किती गेला, ती शेवटची पायरी अजूनही बहुतेक ठिकाणी अंधारात आहे.

मोठ्या दुकानांना ही अडचण नसावी असं वाटतं. तिथे प्रत्येक वस्तू बारकोडवरून जाते. २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावी च्युइंगमच्या एका पाकिटावर पहिला बारकोड वाचला गेला, तेव्हापासून संगणकाला दर क्षणी साठा माहीत असतो, असा समज आहे. निकोल डीहोराशियस आणि अनंत रामन यांनी एका अमेरिकी साखळीच्या ३७ दुकानांतल्या सुमारे ३ लाख ७० हजार नोंदी तपासल्या. त्यातल्या ६५ टक्के नोंदी प्रत्यक्षाशी जुळल्या नाहीत. चोरी, फुटतूट, तीन वेगळ्या स्वादांची पाकिटं एकाच बारकोडवर तीन वेळा मारणं, चुकीच्या जागी ठेवलेला माल, या सगळ्यातून संगणकात एक न दिसणारा साठा तयार होतो. संगणक म्हणतो सहा आहेत. फळीवर एकही नाही. सहा आहेत म्हणून तो नवी ऑर्डर टाकत नाही, आणि एकही नाही म्हणून विक्री होत नाही. मग संगणक असा निष्कर्ष काढतो की या वस्तूला मागणीच नाही. हा दोष आपोआप सुटत नाही, कुणीतरी फळीसमोर उभं राहून मोजावंच लागतं. छोट्या दुकानदाराला हे फायद्याचं आहे. त्याच्याकडे नोंद नसते, पण डोळे असतात, आणि त्याची फळी दहा पावलांवर असते. वॉलमार्टनं या दोषावर उपाय म्हणून २००३ मध्ये रेडिओ चिप असलेल्या टॅगचा आग्रह धरला. आर्कान्सा विद्यापीठाच्या पाहणीत अशा दुकानांत रिकाम्या जागा १६ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. आज डेकॅथलॉनच्या दुकानात टोपलीतले कपडे एका खोक्यात टाकले की बिल तयार होतं, ते याच टॅगमुळे. दहा रुपयांच्या बिस्किटपुड्याला ते परवडायला अजून वेळ आहे.

डी-मार्टची गोष्ट आणखी वेगळी. राधाकिशन दमाणींनी २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान काढलं. मार्च २०२५ अखेर दुकानं ४१५ झाली. यशाचं श्रेय सहसा स्वस्ताईला दिलं जातं. साठ्याच्या बाजूनं पाहिलं तर दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या दिसतात. एक, तिथे प्रत्येक वस्तूचे मोजकेच प्रकार असतात, त्यामुळे प्रत्येक प्रकार भरभर विकला जातो आणि साठा सरासरी महिन्याभरात पलटतो. दोन, माल देणाऱ्याला पैसे लवकर मिळतात. ज्याचे पैसे आठवड्याच्या आसपास येतात त्याचा माल पुरवठादार आधी पाठवतो, हे कुठल्याही बाजारातल्या माणसाला समजावून सांगायला नको. द्वारकेच्या किराणा दुकानदाराची उधारी गिऱ्हाइकांकडे अडकलेली असते आणि म्हणून त्याची डिस्ट्रिब्यूटरकडे. तुटवड्याच्या आठवड्यात सेल्समन कुणाला आधी माल देईल, हे उधारीच्या वहीत आधीच ठरून गेलेलं असतं. वस्तूची उपलब्धता सुधारायची तर पैशाचा फेरा सुधारावा लागतो. यूपीआयमुळे तो काही प्रमाणात सुधारतोय, कारण गल्ल्यात येणारा पैसा आता त्याच रात्री पुढे पाठवता येतो.

फळीच नसलेली एक पद्धतही महाराष्ट्रानं करून दाखवली आहे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबं एकत्र येऊन संघ करतात. महिन्याची यादी घरी येते, प्रत्येक घर आपली गरज भरून देतं, संघांची बेरीज होते आणि तेवढाच माल खरेदी होऊन ठरल्या दिवशी संघाच्या दारी येतो. वाटपाचं काम सदस्य स्वतः करतात. इथे अंदाज नाही, म्हणून शिल्लकही नाही आणि तुटवडाही नाही. ही पद्धत शिस्त मागते आणि आज संध्याकाळी पाहुणे आले तर तिचा उपयोग नाही, हे खरं. पण मागणी आधी गोळा करता आली तर साठ्याचा प्रश्न किती हलका होतो याचा याहून चांगला पुरावा शोधायला परदेशी जायला नको. महिन्याची यादी देणारी घरं द्वारकेच्या दुकानांकडेही आहेत. ती यादी २५ तारखेला मागून घेतली तर एक तारखेचा निम्मा माल अंदाजावर राहत नाही.

अंदाज बांधावाच लागतो तो सणांचा, आणि तिथे मोठ्या साखळ्यांपेक्षा किराणा दुकानदार हुशार ठरतो. नाशिक भगरीचं गाव. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या डोंगरउतारांवर वरई पिकते आणि नाशिकच्या मिलमध्ये तिची भगर होते. तिचा जोडीदार साबुदाणा मात्र तमिळनाडूतल्या सेलमहून येतो. दोघांची मागणी आषाढी, श्रावण, नवरात्र आणि महाशिवरात्रीला उसळते. या तारखा वर्षभर आधी पंचांगात छापलेल्या असतात. गडबड होते ती इंग्रजी महिन्यावर चालणाऱ्या हिशेबात. २०२५ मध्ये श्रावण २५ जुलैला लागला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे तो १३ ऑगस्टला लागतो. लक्ष्मीपूजन २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ मध्ये ८ नोव्हेंबरला. गेल्या ऑक्टोबरच्या विक्रीवरून या ऑक्टोबरची ऑर्डर काढणारी प्रणाली रवा, मैदा, उटणं अडीच आठवडे आधी आणून टाकेल आणि खऱ्या आठवड्यात हात हलवत बसेल. भिंतीवरचं कालनिर्णय पाहून ऑर्डर देणारा दुकानदार ही चूक करत नाही. त्याची गेल्या वर्षाची वही तिथीप्रमाणे लिहिलेली असेल तर सोन्याहून पिवळं.

दुकानदारांपुढे आता माल मिळवण्याच्या वाटा वाढल्या आहेत: कंपन्यांची शिखरसारखी ॲप, उडान, जिओमार्ट. दुकानदाराला त्यात सोय दिसते, वितरकाला धोका. २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी भावातल्या फरकावरून हिंदुस्थान युनिलिव्हरच्या काही ब्रँडचा माल विकायचं थांबवलं होतं. भावाचं भांडण न्याय्य होतं, पण त्या ओढाताणीत फळ्या रिकाम्या राहिल्या तर दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्यांकडे गिऱ्हाईक वळायला वेळ लागत नाही. डिस्ट्रिब्यूटरचं बलस्थान त्याची जवळीक आहे. तो गोळे कॉलनीसारखा दिवसातून दोनदा पोचू लागला तर त्याला हटवणं कुठल्याही ॲपला जड जाईल.

या सगळ्याची परीक्षा द्वारकेला लवकरच द्यायची आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, आणि नाशिकची अमृतस्नानं २०२७ मध्ये २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबरला. पुणे आणि मुंबईकडून येणारी गर्दी द्वारकेजवळून तपोवन आणि रामकुंडाकडे वळणार. अशा दिवशी मागणीचा आकडा कुणी सांगू शकत नाही. २०१५ च्या पहिल्या पर्वणीला, २९ ऑगस्टला, बंदोबस्त इतका कडक होता की शहरातल्या अनेक रस्त्यांवर शुकशुकाट पसरला आणि भाविक अपेक्षेपेक्षा कमी आले. १३ आणि १८ सप्टेंबरच्या पर्वण्यांना निर्बंध सैल करावे लागले. भरलेला माल पडून राहणं आणि हवा तो माल न मिळणं, दोन्ही एकाच महिन्यात घडू शकतं.

२०२७ मध्ये आणखी एक योग आहे, ज्याकडे अजून फारसं लक्ष गेलेलं दिसत नाही. पहिलं स्नान आषाढी अमावास्येला, दुसरं श्रावणाच्या अमावास्येला. म्हणजे अख्खा श्रावण दोन स्नानांच्या मधे येतो. ४ सप्टेंबरला गणपती बसतात आणि सात दिवसांनी तिसरं स्नान. भगर, साबुदाणा, शेंगदाणे, साखर, नारळ यांची घरची मागणी आणि भाविकांची मागणी एकाच वेळी येणार, आणि नेमक्या त्याच दिवसांत शहरात मालवाहू गाड्यांना आडकाठी असणार. सेलमच्या साबुदाण्याची ऑर्डर त्यासाठी जूनच्या आत जायला हवी. पाणी, ओआरएस, बाळाचं दूध आणि औषधं यांचा साठा बंदोबस्ताच्या कड्याच्या आत, द्वारका आणि पंचवटीच्या बाजूला, आधीच ठेवावा लागेल. न विकलेला माल कंपनी परत घेईल का, हे आधी लिहून घ्यावं लागेल, नाहीतर दुकानदार भरणारच नाही. आणि रात्री दोन ते पहाटे पाच या वेळात छोट्या गाड्यांना सोडण्याची परवानगी पोलिसांकडून दुकानदार आणि वितरकांच्या संघटनांनी मिळून मागायला हवी. ध्वजारोहणापासून पहिल्या स्नानापर्यंत नऊ महिने मिळतात. त्यात ८ नोव्हेंबरची दिवाळी येते, ६ मार्चची महाशिवरात्र येते, जुलैची आषाढी येते. रात्रीची फेरी, आतल्या बाजूचा साठा आणि रोजची ऑर्डर, तिन्हींची चाचणी घ्यायला हे तीन सण पुरेसे आहेत, आणि पहिली चाचणी याच दिवाळीत सुरू करता येते.